नवस आईचा, पाय माझे

मराठीत नवस बोलतात आणि मग तो फेडतात. 'फेडणं' हे क्रियापद आपण कर्जासाठी वापरतो, आईबापाच्या पांगांसाठी वापरतो आणि नवसासाठी. (कपडेही फेडतात, पण तो विषय वेगळा.) म्हणजे हा सगळा व्यवहार उधारीचा आहे हे भाषेनं कधी लपवलेलं नाही.

अटी साध्या असतात. आधी देवानं काम करायचं, पेमेंट नंतर. कुठल्याही फ्रीलान्सरला विचारा, अशा क्लायंटचं काम घेशील का म्हणून. ॲडव्हान्स नाही, लेखी काही नाही, काम झालं नाही तर एक रुपया मिळणार नाही. देवाच्या बाजूनं एकच कलम आहे: काम प्रत्यक्षात कुणीही केलेलं असो, डॉक्टरनं, क्लासच्या सरांनी, व्हिसाच्या खिडकीतल्या बाईनं, क्रेडिट देवाचं. बहुधा या एका कलमावरच तो बाकीचं सगळं चालवून घेतो.

मला नवसाबद्दल तिरस्कार वगैरे नाही. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ साली सुरू झालं, ते नवसातूनच. पेरू चाळीतला बाजार बंद पडला होता आणि तिथल्या कोळ्यांना, व्यापाऱ्यांना बसायला कायमची जागा हवी होती. जागा मिळाली, गणपती बसला. आता तिथे मुखदर्शनाची रांग वेगळी आणि नवसाची रांग वेगळी असते. मला ही सुरुवातीची गोष्ट मनापासून आवडते. त्यात मोक्ष नाही, आत्मा-परमात्मा नाही. मासळी विकायला जागा हवी होती. मागणं स्पष्ट, मिळालं की नाही हे तपासता येण्यासारखं. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या प्रोजेक्टांची रिक्वायरमेंट इतकी स्पष्ट नसते.

माझं भांडण आहे ते नवसाच्या एका खास प्रकाराशी. बोलणारा एक, फेडणारा दुसरा.

एप्रिल २०२१. पुण्यात दुसरी लाट. पप्पांचा एचआरसीटी स्कोअर आला पंचवीसपैकी अठरा. ॲम्ब्युलन्समध्ये बसताना धाप लागलेली असूनही ते मला म्हणाले, "बहात्तर टक्के आहेत. तुला कुठल्या सेमला पडले होते का एवढे?" बेड मिळाला तो रात्री दोनला, मोजून बाविसाव्या फोनवर. आई स्वतः पॉझिटिव्ह, त्यामुळे घरातच आतल्या खोलीत बंद. ती बाहेर येऊ शकत नव्हती, दवाखान्यात जाऊ शकत नव्हती, डबासुद्धा देऊ शकत नव्हती. तिच्या हातात एकच गोष्ट होती. तिनं खोलीतूनच देव्हाऱ्याच्या दिशेनं हात जोडले आणि खंडोबाला सांगितलं: यांना घरी आण, माझा पोरगा पाच रविवार अनवाणी जेजुरीचा गड चढेल आणि तळी भरेल.

पोरगा म्हणजे मी.

ती स्वतः चढीन असं का नाही म्हणाली? तिचे गुडघे. ते त्याच्याही आधी चार वर्षांपासून गेलेले. तिनं उपलब्ध मनुष्यबळाचा अंदाज घेतला आणि माझं नाव टाकलं. आमच्या धंद्यात याला काही विशेष म्हणत नाहीत. मीटिंग होते, तुम्ही त्यात नसता, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की क्लायंटला शुक्रवारची तारीख तुमच्या नावावर कबूल झालेली आहे.

पप्पा एकोणीस दिवसांनी घरी आले. मला नवसाची बातमी पेढ्याबरोबर मिळाली.

मी लगेच कायदा काढला. १८७२च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव लागतो, समोरच्याची स्वीकृती लागते, मुक्त संमती लागते. खंडोबाची स्वीकृती आलेली नाही, गप्प बसणं म्हणजे संमती होत नाही. माझी तर कुणी मागितलीच नव्हती. आई म्हणाली, "खंडोबाला कोर्टात नेणारेस का?" विषय संपला. म्हणजे तिच्यापुरता संपला. माझ्याकडे तो चार वर्षांहून जास्त काळ पडून आहे, 'करायचं आहे' या रकान्यात, आमच्या कोडमधल्या त्या भागासारखा ज्याला हात लावायला सगळे घाबरतात.

आता वाचणाऱ्यांपैकी काहींना वाटेल की हा आईच्या भोळेपणाची टिंगल करणारा आणखी एक शहाणा. तर त्याच दिवसांत मी काय करत होतो तेही सांगतो. मी रेमडेसिविर शोधत होतो. हडपसरपासून चिंचवडपर्यंत, मेडिकलच्या बंद शटरसमोर, आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं की दवाखान्यातल्या कोविड पेशंटना हे औषध देऊ नका, जीव वाचतो असा पुरावा नाही. (पुढे २०२२ मध्ये त्यांनी हा सल्ला काहीसा बदलला.) मी ती बातमी वाचलेली होती. तरी रांगेत उभा होतो, आणि उद्या तशीच वेळ आली तर पुन्हा उभा राहीन. माणूस आत असतो, आपण बाहेर असतो, आणि नुसतं बसून राहणं शक्य नसतं. फरक इतकाच की माझ्या नवसाला जीएसटी लागत होता.

त्यामुळे आई नवस बोलली यात मला काही गैर दिसत नाही. प्रश्न दुसऱ्याच्या पायांचा आहे. आणि तो फार जुना आहे.

ऐतरेय ब्राह्मणात राजा हरिश्चंद्राची गोष्ट आहे. स्मशानात डोंबाकडे नोकरी करणारा सत्यवादी हरिश्चंद्र आपल्याला पाठ असतो. ही गोष्ट वेगळी, आणि शाळेत का सांगत नाहीत ते लगेच कळेल. याला मूल नव्हतं. त्यानं वरुणाला नवस बोलला: मुलगा दे, तोच तुला बळी देतो. मुलगा झाला, रोहित. वरुण वसुलीला आला. हरिश्चंद्र म्हणाला, दहा दिवस तर होऊ देत. दहा दिवस झाले. म्हणाला, दात येऊ देत. दात आले. आता हे दात पडू देत. पडले. नवे येऊ देत. आले. आता शस्त्र धरण्याएवढा होऊ दे. डेडलाईन पुढे ढकलण्याचं इतकं देखणं उदाहरण मी कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पाहिलेलं नाही, आणि वरुणासारखा सोशिक क्लायंटही नाही.

शेवटी बापानं मुलाला खरं सांगितलं. मुलगा म्हणाला, नाही. धनुष्य घेतलं आणि रानात निघून गेला. बस्स. माझ्या मते आपल्या सगळ्या वाङ्मयातली ही सगळ्यात समंजस प्रतिक्रिया आहे. वर्षामागून वर्ष तो रानात फिरत राहिला. मधूनमधून घरी परतावंसं वाटे तेव्हा इंद्र येऊन त्याला सांगायचा, चालत राहा. 'चरैवेति' ते हेच. आज हा शब्द मॅरेथॉनच्या टी-शर्टवर, बँकेच्या कॅलेंडरवर आणि एचआरच्या मेलच्या तळाशी असतो. मूळात तो बापाचा नवस फेडायला नकार देऊन पळालेल्या पोराला दिलेला सल्ला आहे. पुढच्या वेळी एचआरचा तो मेल आला की हे लक्षात असू द्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. इकडे बापाला जलोदर झाला. मग रोहितनं रानात एक उपाशी ब्राह्मण गाठला, अजीगर्त. त्याला तीन मुलगे. थोरला बापाला सोडवेना, धाकटा आईला. मधला, शुनःशेप, शंभर गायींना विकला गेला. यज्ञात त्याला खांबाला बांधायला कुणी तयार होईना, तर बाप म्हणाला, आणखी शंभर द्या, मी बांधतो. मारायला कुणी तयार होईना, तर आणखी शंभर द्या, मी मारतो. शुनःशेपानं एकेका देवाची आळवणी केली आणि त्याचे दोर गळून पडले, म्हणून तो वाचला. नंतर बाप त्याला परत बोलवायला आला, तर तो त्याच्याकडे गेला नाही. विश्वामित्राचा मुलगा झाला.

तर एक बाप नवस बोलला, त्याचा मुलगा निसटला, आणि हप्ता भरायची पाळी तिसऱ्याच घरातल्या मधल्या पोरावर आली. नवस असाच उतारावरून खाली घरंगळतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यापाशी येऊन थांबतो.

जेजुरीला हे नीट माहीत आहे. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या पायऱ्या, दीपमाळा, म्हाळसा आणि बाणाई या दोन बायकांचा दोन वेगळ्या जातींतला संसार, सोमवती अमावस्येला कऱ्हेवर निघालेली पालखी, हे सगळं रीलमध्ये फार सुंदर दिसतं. पण याच देवाला मुलं वाहिली जात. मूल व्हावं, आजार बरा व्हावा, म्हणून नवस बोलायचा, आणि मुलगा दिला तर वाघ्या, मुलगी दिली तर मुरळी. मुरळीचं लग्न देवाशी. म्हणजे माणसाशी लग्न नाही, आणि पुढे देवाच्या नावानं तिचं काय होई ते सगळ्या गावाला माहीत असे. मुली बहुतेक गरीब आणि दलित घरांतल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र'मधून या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. १९३४ मध्ये मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा आला. आणि तरीही महाराष्ट्राला २००५चा नवा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा.

माझे पाच रविवार आणि त्या मुलींचं आख्खं आयुष्य एका ओळीत बसवायचं नाही. माझ्या तळव्यांना फार तर फोड येईल. पण यंत्र तेच आहे: कुणीतरी घाबरलं, कुणीतरी शब्द दिला, आणि फेडायला तिसरं कुणीतरी.

इथे माझ्या मावसभावाला आणणं भाग आहे. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, बँकेत आहे, दर शनिवारी सत्संगाला जातो आणि दर रविवारी मला फोन करतो. त्याचा प्रश्न ठरलेला: "तू देव मानत नाहीस, मग तुझ्या आयुष्याचं प्रयोजन काय? सकाळी उठतोस कशाला?" मी म्हणतो, स्टँड-अप असते साडेनऊला. त्याला ते उत्तर पुरत नाही.

त्याच्या डोक्यातला हिशोब असा: प्रयोजन बाहेरून, वरून यावं लागतं. कुणीतरी आपल्याला काहीतरी ठरवून पाठवलेलं असलं पाहिजे, नाहीतर सगळं फुकट. ही कल्पना ऐकायला ऊबदार आहे. पण वरून ठरवून मिळालेल्या प्रयोजनाची खरी उदाहरणं बघायला गेलं तर मला मुरळी आठवते. पाचव्या वर्षी तिच्या आयुष्याचं उद्दिष्ट पक्कं होतं, देवानं मागितलेलं, समाजानं मान्य केलेलं, कुठेही शंकेला जागा नाही. त्या यज्ञमंडपात शुनःशेपाच्या जन्माचं प्रयोजनही जमलेल्या सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं. एकट्या त्यालाच शंका होती.

'तू नवसानं झालास' हे आपल्याकडे कौतुकानं सांगतात. त्यातलं कौतुक मला समजतं. पण एखाद्याच्या जन्माआधीच त्याच्या नावावर उधारी काढून ठेवणं, आणि ती फेडण्यालाच जगण्याचा अर्थ म्हणणं, याला माझा मावसभाऊ अध्यात्म म्हणतो. बँकेत असून.

आमच्या कंपनीच्या सिस्टीममध्ये एक फंक्शन आहे, बारा वर्षांपूर्वीचं. ते कशासाठी लिहिलं कुणाला माहीत नाही. लिहिणारा सोडून गेला, किंवा कदाचित कुणी एकानं लिहिलेलंच नाही, दहाजणांच्या हातून घडत गेलेलं आहे. त्यावर कसलीही टिप्पणी नाही. पण ते काढलं तर तीन शहरांतली बिलं निघत नाहीत. नवीन पोरं दरवर्षी विचारतात, याचा उद्देश काय? आम्ही म्हणतो, हे बघ, याला हे हे जोडलेलं आहे, सांभाळून. यापेक्षा जास्त उद्देश मी माझ्यासाठी मागितलेला नाही. आई-पप्पा, धाकटी बहीण, एक मांजर, चार मित्र, महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता. मी काढला गेलो तर यांची बिलं अडतील. मावसभाऊ म्हणतो, हे फार छोटं आहे. असेल. विश्व तेरा अब्ज ऐंशी कोटी वर्षांचं आहे, त्यापुढे सत्संगही तसा छोटाच.

तो असंही म्हणतो की देवाबद्दल अशा भाषेत बोलू नये. हे कुणी मराठी माणसानं म्हणावं याचं मला नवल वाटतं. आपल्याकडे देवाला जेवढ्या शिव्या संतांनी घातल्यात तेवढ्या नास्तिकांनी घातलेल्या नाहीत. जनाबाई विठ्ठलाची आईमाई काढते. तुकाराम एका अभंगात त्याला माझ्यापुरता तू मेलास म्हणून मोकळे होतात, आणि हे नीत्शेच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधी, देहूत. नीत्शेनं तेच लिहिलं तर तत्त्वज्ञान झालं. जेजुरीवर तर अरुण कोलटकरांनी १९७६ मध्ये इंग्रजीतून आख्खा कवितासंग्रह काढला, त्याला राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला, आणि त्या संग्रहात भक्तिभाव शोधायला भिंग लागेल. खंडोबा अजून जागेवर आहे. डॉ. श्रीराम लागू म्हणायचे, देवाला रिटायर करा. आमच्या घरी ती सोय नाही, कारण आमचा देव कंत्राटी आहे. काम असलं की बोलावतात.

तर मग पाच रविवार गड चढून मोकळं का होत नाहीस? हा प्रश्न मला सगळेच विचारतात, नास्तिक मित्रसुद्धा. पन्नास-साठ किलोमीटरच्या आत जेजुरी. दिवे घाटात पावसाळ्यात छान वाटतं. वर व्यायाम. आईला बरं वाटेल. काय बिघडतं?

'काय बिघडतं' हे आपलं राष्ट्रीय तत्त्वज्ञान आहे. युरोपात ते पास्कालच्या नावावर खपतं. हा बाप्या जबरदस्त होता: एकोणिसाव्या वर्षी बापाच्या करवसुलीचे हिशोब सोपे व्हावेत म्हणून बेरजा करणारं यंत्र बनवायला घेतलं, आणि १६६२ मध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गानं धावणाऱ्या घोडागाड्या सुरू केल्या, म्हणजे पीएमपीएमएलचा पणजोबा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की देव असण्यावर पैज लावा. असला तर अपार फायदा, नसला तर नुकसान जवळपास शून्य. आईनं पास्काल वाचलेला नाही, पण ती रोज संध्याकाळी हेच म्हणते.

माझी अडचण त्या शून्याशी आहे. ते शून्य नाही.

पप्पांच्या शेजारच्या बेडवर एक काका होते. त्यांची मुलगी साधारण माझ्याच वयाची. दुपारी साडेबाराला गेटवर डबे द्यायची रांग लागायची, त्यात आमची ओळख झाली. मास्क आणि फेसशील्डमुळे तिचा चेहरा मी कधी पूर्ण पाहिला नाही. एकदा रांगेत ती म्हणाली की बाबा घरी आले की मोरगावला चालत जाणार, तसं बोललेय गणपतीला. बघा, तिनं स्वतःचे पाय लावले होते. डबा, रांग, रेमडेसिविर, नवस, सगळं तिचं आमच्यासारखंच. आठव्या दिवशी काका गेले. नवव्या दिवशी रांगेत ती नव्हती.

तिचा नवस तिला फेडायचा नाही. त्यामुळे तो कुठल्याच मोजणीत नाही.

मेलोस बेटावरचा डायगोरस, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, नास्तिक म्हणूनच ओळखला जाणारा. त्याची गोष्ट सिसेरोनं लिहून ठेवली आहे. त्याला मित्रानं एका देवळात चित्रं दाखवली: बघ, वादळात देवाला नवस बोलून वाचलेली ही इतकी माणसं. डायगोरस म्हणाला, बरोबर आहे, कारण जे बुडाले त्यांची चित्रं कुणी काढत नाही. जेजुरीच्या पायऱ्यांवर प्रत्येक रविवारी वाचलेल्यांचीच गर्दी असते. पावला, पावला असा जो गजर होतो तो त्यांचा. बुडालेले घरी असतात.

मी अनवाणी, भंडारा उधळत, पप्पांना वाचवलंस म्हणून आभार मानत गड चढलो, तर मी एक वाक्य मोठ्यानं बोलत असतो: दोन बेड होते, तू यादी बघितलीस आणि आमचं नाव निवडलंस. आणि त्या मुलीला सांगत असतो की तुझं पाठवलेलं पोचलं नाही, किंवा पोचलं पण तुझे बाबा यादीत खाली होते. मला हे वाक्य बोलवत नाही. देव नाही म्हणून नाही. देव असता तर आणखीनच बोलवलं नसतं.

हे मी आईला एकदा नीट सांगितलं. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोरीचं फार वाईट झालं. मी तेव्हा तिच्यासाठीपण हात जोडले असते, मला माहीत नव्हतं." पुन्हा थोडी भाजी निवडली. "पण म्हणून मी आभार मानायचेच नाहीत का? तुझे पप्पा तिकडे बसून पेपर वाचतायत, हे मला रोज दिसतं. मी कुणाला सांगू?"

यावर माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हणालो, त्या वॉर्डातल्या सिस्टरला सांग. रात्रभर दर दोन तासांनी पप्पांना पालथं वळवणारी एक सिस्टर होती, पीपीई किटवर मार्करनं नुसतं 'सिस्टर ३' लिहिलेलं. पप्पा अजून तिची आठवण काढतात. आई म्हणाली, "तिचा पत्ता काढ. तिच्यापण पायऱ्या चढते, गुडघे गेले तरी चालतील." मी पत्ता काढायचा प्रयत्न केला. तेव्हाचे बरेचसे कर्मचारी तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर होते, कोण कुठे गेलं याची नोंद कुणाकडे नाही.

ज्यांच्या जिवावरून हे सगळं चाललंय त्या पप्पांचं मत आम्ही चार वर्षांत विचारलं नव्हतं. गेल्या महिन्यात जेवताना मी विचारलं. ते म्हणाले, "मी गेलो असतो तर तुमचा नवस वाचला असता." आई म्हणाली, काहीतरी बोलू नका. ते म्हणाले, "मला काय वाटतं सांगू? मला त्या जागी काही वाटलं नाही. खंडोबा नाही, यम नाही. फक्त शेजारच्या माणसाच्या मशीनचा आवाज बंद झाला तेव्हा झोप लागली नाही." मग त्यांनी ताक मागितलं.

त्यानंतर वाटाघाटी सुरू झाल्या. माझा पहिला प्रस्ताव: आईला वर जायचं आहे, तिला आधार लागतो, मी तिला धरून चढतो. मी नवस फेडत नाही, आईला चढवतो. तिनं ते तिच्या खात्यात नवस म्हणून लिहावं, माझा आक्षेप नाही. एकच काम दोन ठिकाणी दोन नावांनी दाखवणं आमच्या धंद्यात नवीन नाही. आईला हे पटलं, फक्त पाच रविवार तिच्यानं होणार नाहीत, त्यामुळे एकावर आलो. उरलेल्या चार रविवारांबद्दल तिनं मामाला विचारलं. मामा म्हणाला, देव समजून घेतो. नारळाच्या झाडावर अडकलेला माणूस शंभर नारळांचा नवस बोलतो आणि खाली उतरेपर्यंत एकावर येतो, ती गोष्ट मामाची आवडती आहे.

मधे तिनं एक जोडप्रस्तावही आणला होता. जेजुरीला नव्या नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायची पद्धत आहे. तर मी आधी लग्न करावं आणि मग जावं, दोन्ही कामं एका फेरीत होतील. तो मी फेटाळला.

तळी भरायला मी ताटाला हात लावणार, येळकोट ती म्हणणार. भंडारा तिनं माझ्यावर टाकला तर मी चुकवणार नाही. मोरगाव तिथून जवळच आहे, तर परत येताना तिकडे गाडी वळवायची, असं मी म्हणालो. कशाला, असं तिनं विचारलं नाही.

अडलंय ते अनवाणीवर. मी म्हणालो, अनवाणी चढणं हा नवसाचा भाग आहे आणि मी नवस फेडत नाहीये, तेव्हा बूट. आई म्हणाली, "बूट घालून चढलास तर तो ट्रेक होतो." हे खरं आहे. मग मोज्यांची कल्पना पप्पांनी काढली. मोजे चालतात का, हे आई रविवारपर्यंत मामाला विचारून सांगणार आहे.